चार ओहमची जोडी

शेंद्र्याच्या कंपनीत पुंडलिकच्या कानाला मान होता. मशीन कुरकुरायला लागली की सुपरवायझर बाकीचे फिटर सोडून त्याला हाक मारायचा. पुंडलिक यायचा, लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर काढायचा, त्याचं टोक बेअरिंगच्या पाठीवर टेकवायचा आन मूठ कानामागच्या हाडाला लावायचा. डोळे मिटायचा. डॉक्टर काय नाडी बघतील असा.

"मधलं गेलंय. दोन शिफ्टी काढील."

दोन म्हणजे दोन. तिसरी शिफ्ट त्या बेअरिंगनं कधी बघितली नाय.

असला कान काय आभाळातून पडत नसतो. पुंडलिकचा चुलता पुंजाराम सोयगावात लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. लग्न असो, बारसं असो, चौदा एप्रिल असो, लिंबाच्या शेंड्याला पुंजारामचे दोन भोंगे चढले की दोन कोसांवरच्या माणसाला कळायचं, आज सोयगावात काहीतरी हाय. पण भोंग्याला नुसता गळा असतो, पोट नसतं. ढोल वाजवा, नाय तर हलगी, पत्र्यावर खडे पडल्यागत एकच आवाज. पुंडलिक त्याच आवाजावर वाढला आन जगात आवाज असाच असतो, असं धरून चालला.

पुढं आयटीआय करून तो शहरात आला. तवा शहराचं नाव औरंगाबादच होतं. चौऱ्याण्णव साली क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत श्रीधरकाकांच्या घरी पंखा दुरुस्त करायला गेला. श्रीधरकाका पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क. अंगानं काडी, बोलणं तोलून-मापून, आन शौक एकच, गाणं. बैठकीच्या खोलीत अक्रोडाच्या लाकडाच्या दोन विलायती पेट्या उभ्या होत्या, माणसाच्या कमरेइतक्या. पुढं जाड कापड, खाली पितळी पट्टी. पट्टीवर कंपनीचं नाव होतं म्हणं, पण काकांच्या बायकोनं, अनसूयाकाकूंनी, इतक्या वर्षांत घासून घासून ते कोरं करून टाकलेलं.

पुंडलिक स्टुलावर उभा राहून पंख्याची वायर जोडत होता आन काकांनी तबकडी लावली.

डग्ग्यावर पहिली थाप पडली ती पुंडलिकच्या कानाला नाय, बरगडीला लागली. स्टूल डगमगलं. मग बाईनं सूर लावला, आन तो सूर ह्या पेटीतून बी नाय, त्या पेटीतून बी नाय, दोन्हीच्या मधी मोकळ्या जागेत उभा राहिला. पुंडलिकनं तिकडं बघितलं. तिथं फक्त तिपाई होती आन तिपाईवर अडकित्ता.

"काका, ही बाई कुठून गाती?"

"तेच तर," काका म्हणाले. "पंखा झाला असेल तर खाली उतर आणि बस."

त्या दिवसापासून पुंडलिकला त्या जोडीची हाव सुटली. हावच म्हणायची, दुसरा शब्द नाय. कोणाला जमिनीची असती, कोणाला सोन्याची.

विकत घ्यायची तर ऐपत नव्हती, आन काका काय विकायला बसले नव्हते. म्हणून पुंडलिकनं खालून सुरुवात केली. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात हात घालायचा. शहर तवा चहूबाजूंनी फुगत होतं. जुनी घरं पडत होती, फ्लॅट चढत होते, आन फ्लॅटात गेलेला माणूस पहिली काय वस्तू टाकत असेल तर मोठे स्पीकर. भिंतीला चिकटवायला पट्टीएवढे नवे आले होते ना! शहर वाढलं तसा पुंडलिकचा बाजार भरला. आधी त्यानं फिलिप्सच्या पेट्या घेतल्या. त्या वर्षभर वाजवून, विकून, वर थोडी भर घालून सोनोडाइन. ते विकून आणखी मोठे. खेड्यातला माणूस बैल बदलत बदलत खोंडाची खिल्लारी जोडी करतो, तसं.

आन पारख बी बैलबाजारातलीच. आधी कापड काढायचं. मधल्या कागदी कोनावर चार बोटं ठेवून हलकं दाबायचं, आतली तार घासती का बघायचं. कडेची फोमची रिंग चिमटीत धरायची, तिचा भुगा झाला तर ओळखायचं की म्हातारं झालंय, पण मेलं नाय. रिंग नवी बसवता येती. खिशात कायम एक पेन्सिल सेल. स्पीकरच्या दोन टोकांना तो टेकवला आन कोन पुढं सरकला तर सेलच्या प्लसकडचं टोक प्लस. कारण जोडीतला एक जरी उलटा जोडला गेला तर एक ढकलतो तवा दुसरा ओढतो, आन सगळं पोट हवेतच मरून जातं. असल्या उलट्या जोडणीपायी लोकांनी चांगल्या जोड्या 'बिघडल्या' म्हणून फेकून दिलेल्या पुंडलिकनं डोळ्यांनी बघितल्या. दोन तर घरी आणल्या.

दर दिवाळीच्या सुट्टीत मात्र तो क्रांती चौकात जायचा. पेट्यांच्या मागची टोकं स्वच्छ करायचं निमित्त. टोकं स्वच्छच असायची. काकू चहा द्यायच्या, काका तबकडीची एक बाजू ऐकवायचे, पुंडलिक बरगडीला थाप लावून घेऊन परत यायचा. काकू गेल्या तवा बी तो गेला होता. त्या वर्षी काकांनी तबकडी लावली नाय, ह्यानं बी म्हटलं नाय.

असं करत एकोणीस वर्षं गेली. दोन हजार तेराचा उन्हाळा आला.

त्या उन्हाळ्याबद्दल मराठवाड्यात सांगायची गरज नाय. शेंद्र्यात कंपनीच्या भिंतीला लागून पुंडलिकनं दोन खोल्या बांधल्या होत्या, तिथं आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा. घरात बायको अमृता, आई भामाबाई, आन दारात निळे तीन ड्रम. भिंतीपलीकडं कंपनीच्या हिरवळीवर फवारे उडायचे. अमृता ते फवारे बघायची आन ड्रमाला कुलूप लावायची.

अशात एका शनिवारी फोन आला.

"पुंडलिकराव, त्या पेट्या अजून आठवतात का?"

पुंडलिक जेवत होता. हात न धुता गाडीला किक मारली.

काकांच्या घरात खोकी बांधून ठेवलेली. घर बिल्डरला दिलेलं. काकांचा मुलगा चिन्मय पुण्यात, त्यानं इथंच शेजारच्या इमारतीत बापासाठी छोटा फ्लॅट घेतलेला. पेट्या मात्र अजून जागच्या जागी उभ्या होत्या.

"फ्लॅटात ह्या मावत नाहीत," काका म्हणाले. "चिन्मयनं पुण्याचा एक व्यापारी गाठलाय. पुढच्या सोमवारी त्याचा टेम्पो येतोय. मंगळवारी घर पाडायला घेतात."

"मंग मला कशाला बोलावलं काका? तोंड बघायला?"

"व्यापारी विकणार. तू वाजवणार. म्हणून आधी तुला विचारतोय. किंमत तू सांगशील ती. पण माझी एक अट आहे."

"बोला."

"आजच घेऊन जा. तुला जमेल तो ॲम्प्लिफायर लाव. पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी तुझ्याकडे येतो. गाणं लावायचं नाही. आवाजाची खुंटी अर्ध्यावर न्यायची आणि काहीच वाजवायचं नाही. मला आधी शांतता ऐकायचीये. ती चांगली निघाली तर पेट्या तुझ्या. नाही निघाली तर सोमवारचा टेम्पो."

"शांतता?"

"गाणं काय, कोणीही ऐकवतं."

पुंडलिक हसला. "काका, पोरगी द्यायची तरी लोक एवढं बघत नाय हो."

"पत्रिका तरी बघतात."

"आमच्यात पत्रिका नसती."

"म्हणून तर घर बघायला येतोय," काका म्हणाले.

जालना रोडनं भर उन्हात एक मालाची रिक्षा शेंद्र्याकडं चालली होती. पुढं ड्रायव्हर, मागं दोन गोधड्यांत गुंडाळलेल्या पेट्या, आन दोन्हीच्या मधी उकिडवा बसून दोन्हींना मिठी मारलेला पुंडलिक. गतिरोधक आला की हा ओरडायचा, "हळूऽ! लेकुरवाळी हाय म्हणून समज!" ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, ह्यात हाय तरी काय?" पुंडलिक म्हणाला, "डग्गा हाय."

अमृता दारातच उभी. पेट्या बघून तिनं कपाळाला हात लावला नाय, एवढंच. "ते डबडे उतरवा, पण आधी फ्रिजचं बघा. महिना झाला बोंबलते, दाराला हात लावला की चावतंय."

"चप्पल घालून उघडत जा," पुंडलिक म्हणाला आन गोधड्या सोडायला लागला.

आता इथं थोडं थांबून सांगायला पाहिजे. स्पीकर कितीबी भारी असला तरी एकटा मुका. त्याला ॲम्प्लिफायर जोडीचा लागतो. आन जोडी जमते ओहमवर. ओहम म्हणजे स्पीकरचा अडसर. आठ ओहमचा स्पीकर म्हणजे अर्धी उघडलेली तोटी, टाकीला दम मिळतो. चार ओहमचा म्हणजे तोटी सताड उघडी. टाकीत पाणी असलं तर धबधबा, नसलं तर टाकी कोरडी आन नळाला नुसती हवा. दुष्काळात हे कोणाला बी झटकन कळायचं. काकांच्या पेट्या चार ओहमच्या.

पुंडलिकनं आधी घरचा ॲम्प्लिफायर लावला. गाणं हळू होतं तोवर ठीक, डग्गा वाजला की धाप लागलेल्या म्हाताऱ्यागत त्याचा आवाज फाटायचा. मग कंपनीतल्या दोस्ताकडून एक जपानी आणला. तो देखणा, दिव्यांचा, पण तिसऱ्या थापेला आतून 'कट्' व्हायचा आन स्वतःला बंद करून घ्यायचा. हुशार जात, जिवावर बेतलं की हात वर.

मंगळवारी पुंडलिक शहागंजात मुख्तार वस्तादकडं गेला. वस्तादचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान बोळकांडीएवढं, आन त्यात बसलेला वस्ताद साठी उलटलेला, चष्म्याची एक काडी सोल्डरच्या तारेची.

"चार ओहम?" वस्तादनं हातातली चिमटी खाली ठेवली. "चार ओहम के वास्ते कलेजा होना, मियाँ."

उठून त्यानं मागच्या फळीवरून एक ॲम्प्लिफायर ओढला. उचलायला दोघं लागले. तीस वर्षांपूर्वी वस्तादनं स्वतःच्या हातानं बांधलेला. आतला ट्रान्सफॉर्मर जात्याच्या तळीएवढा. ज्यानं बांधून मागितला तो न्यायला आलाच नाय, तवापासून वस्तादनं कोणाला दाखवला नव्हता. दुकानातल्या चार ओहमच्या स्पीकरवर लावला. खुंटी अर्ध्यावर. पुंडलिकनं कान लावला. काहीच नाय. विहिरीत डोकावल्यागत काळी, खोल शांतता.

"वस्ताद!"

"ले जा. मगर इसकू धूल नक्को लगने दे."

संध्याकाळच्या आत तो घरी लागला. पेट्या जोडल्या, गाणं लावलं. थाप पडली ती पार बरगडीत. ताटाळ्यातल्या ताटल्या थरथरल्या. भामाबाई ओट्यावरून ओरडली, "पुंडल्या, कोण आलं रं ढोल घेऊन?" पुंडलिक नाचायचाच बाकी होता. एकोणीस वर्षं! क्रांती चौकातला डग्गा शेंद्र्यात!

मग त्यानं गाणं बंद केलं, खुंटी अर्ध्यावर ठेवली आन कान लावला.

घूंऽऽऽ.

बारीक, एकसुरी. पिंपात अडकलेल्या भुंग्यागत.

बुधवारी त्यानं वायरी बदलल्या. घूं. पेट्यांच्या आतल्या, जाडा आवाज मोठ्या कोनाला आन बारीक आवाज बारक्याला वाटून देणाऱ्या पाट्या तपासल्या. घूं. ॲम्प्लिफायर गाडीवर बांधून शहागंजात नेला. तिथं लावला तर मुडद्यागत गप्प! घरी आणला की घूं. गुरुवारी परत नेला. वस्तादनं कपॅसिटर बदलून दिले. घरी घूं. शुक्रवारी तिसऱ्यांदा नेला तवा वस्तादनं त्याला स्टुलावर बसू बी दिलं नाय.

"इधर चुप, उधर रोता. मियाँ, मशीन में नुक्स नै. तेरे घर में नुक्स है."

"घर में क्या नुक्स है, वस्ताद?"

"मेरेकू क्या मालूम? भाभी से पूछ!"

शेजारचा घड्याळवाला खो खो हसला. पुंडलिक जात्याची तळी परत गाडीला बांधून निघाला. जिथं गतिरोधक नव्हते तिथं बी त्याला धक्के बसत होते.

शनिवारी त्यानं सुट्टी टाकली. आता चोवीस तास बी उरले नव्हते. ज्या कानानं शेकडो बेअरिंगं ओळखली, त्याला आपल्याच घरातली एक घूं सापडेना. पुंडलिक खाटेवर बसून पेट्यांकडं बघत होता. डोळ्यापुढं सोमवारचा टेम्पो. ॲम्प्लिफायर चालूच होता, घूं बी चालूच होती.

अमृता ड्रमातून कळशी भरून आत आली. उंबऱ्याला पाय अडखळला, कळशी हिंदकळली, आन तांब्या-दोन तांबे पाणी फरशीवरून ॲम्प्लिफायरकडं धावलं.

"उचला, उचला!"

पुंडलिक अनवाणी उडी मारून गेला, ओल्या फरशीवर उभा राहिला आन ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला हात घातला.

हाताला झिणझिण्या आल्या. आन घूं बंद.

त्यानं हात काढला. घूं. लावला. बंद.

तो शेजारच्या लाकडी स्टुलावर चढला आन वाकून हात लावला. घूं चालूच. खाली ओल्यात उतरला. बंद. परत वर. घूं. परत खाली.

"पिसाळलात का काय?" अमृता म्हणाली.

"अगं, चावलं!"

"काय चावलं?"

"पत्रा! ह्याला हात लावला की चावतंय!"

अमृतानं कळशी खाली ठेवली. दोन्ही हात कमरेवर. "मंग मी महिनाभर फ्रिजचं काय सांगत व्हते? तवा हे कान कुठं गहाण टाकले व्हते? चप्पल घाल म्हणं!"

पुंडलिक तसाच ओल्यात उभा. मग एकदम परसात पळाला.

घर बांधलं त्या वर्षी त्यानंच मागच्या भिंतीपाशी अर्थिंगचा खड्डा घेतला होता. छातीइतका खोल, आत तांब्याची पट्टी, कोळसा आन खडेमीठ. घरातली भरकटलेली वीज त्या पट्टीवरून जमिनीत उतरायची. पण उतरायला जमीन ओली लागती. कोरडी माती वीज घेत नाय. खड्ड्याच्या तोंडावरची माती टाचेएवढ्या भेगा पडून उलली होती. हात घातला तर कोळसा खुळखुळला.

आतापर्यंत हा खड्डा ओला कसा राहिला? बाजूलाच न्हाणीचा पाइप. सात वर्षं सगळ्या घराच्या आंघोळीचं पाणी खड्ड्याशेजारनं मुरत होतं. आन होळीच्या सुमाराला, थेंब वाया जाऊ नये म्हणून, पुंडलिकनं त्या पाइपाला कोपर बसवून सगळं पाणी आईच्या शेवग्याला वळवलं होतं. लई खूश होता तवा. कंपनीत चौघांना सांगितलं होतं, पाणी कसं वाचवावं म्हणून.

आपणच आपल्या घराची मुळी तोडली होती.

शेवगा मात्र भर दुष्काळात हातभर शेंगांनी लगडलेला. त्याच्या सावलीला भामाबाई शेंगा मोडत बसली होती.

"आई, पाइप परत फिरवायचाय."

"का?"

"खड्ड्याला पाणी पाजायचंय."

म्हातारीनं शेंग मोडायची थांबवली. "माझ्या शेवग्याच्या तोंडचं काढून भोकाला पाजतो? मुडद्या, भोकाला शेंगा लागत्यात का?"

"अगं, उद्या काका येणारेत. घूं राहिली तर पेट्या जातील."

"जाऊ दे की. शेवगा गेला तर आमटीत काय टाकशील, पेटी?"

"दोघांना अर्धं अर्धं देतो. टी लावतो पाइपाला."

भामाबाईनं जरा विचार केला. "आधी टी लाव. मंग पाण्याचं बोल."

पुंडलिक गावातल्या हार्डवेअरवाल्याकडं पळाला, टी आणली, दोन किलो खडेमीठ आणलं. तासाभरात पाइपाला दोन तोंडं झाली. म्हातारीनं वाकून दोन्ही तोंडं सारखी हायेत का, बोटानं मोजून बघितलं.

आता पाणी. टँकर सोमवारी. तिसऱ्या ड्रमात निम्म्याच्या खाली. पुंडलिक अमृताकडं बघायला तयार नव्हता.

तिनंच ड्रमाचं कुलूप काढलं. "फ्रिजसाठी देते. तुमच्या डबड्यांसाठी नाय." सोमवारचं धुणं तिनं शनिवारी काढलं. कपडे बादलीत पिळले आन ते साबणाचं पाणी परसात नेलं. पुंडलिक आत पेटीला कान लावून बसला. मधल्या दारात भामाबाई, इकडचा निरोप तिकडं द्यायला.

खड्ड्यात मीठ पडलं, पहिली बादली पडली. मातीनं ती चुर्र करून पिऊन टाकली.

"काय म्हणतंय?" अमृता मागून ओरडली.

"काय म्हणतंय रं?" भामाबाई.

"काय नाय. हायच."

दुसरी बादली.

"आता?"

"थांब... थांब गं! पातळ झालं! आई, पातळ झालं!"

"पातळ झालंऽऽ!" म्हातारी अशी ओरडली की शेजारची चतुराबाई भिंतीवरून डोकावली. "काय झालं वं मावशी, कोणाला बरं वाटलं?"

"खड्ड्याला!" भामाबाई म्हणाली.

तिसरी बादली हळूहळू सोडली. पिंपातला भुंगा दूर गेला, अजून दूर गेला, आन एका क्षणी पुंडलिकला कळेना की तो अजून आहे का आपल्याच कानात उरलाय. त्यानं श्वास धरला. मग भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग भिंतीपलीकडच्या फवाऱ्याची. मग स्वतःच्या छातीची.

"गेलं! गेलं! गेलं!" तो तीनदा ओरडला आन उठताना त्याचं डोकं पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं. टेंगूळ आलं, त्याचं त्याला काही नव्हतं. उतरायला ओली जमीन मिळाली नव्हती म्हणून बिचारी वीज वस्तादच्या मशीनमधी घुमत होती! घरच्या जुन्या ॲम्प्लिफायरला अर्थिंगची तिसरी पिनच नव्हती, म्हणून त्यानं कधी चुगली केली नव्हती. फ्रिजनं केली होती, पण ती अमृताकडं.

रविवारी दहाला पाच कमी असताना काका रिक्षातून उतरले. पांढरा शर्ट, खिशात काहीतरी चौकोनी.

अमृतानं पाण्याचा तांब्या-पेला आणला. काका म्हणाले, "अर्धाच द्या. पाण्याचे दिवस वाईट आहेत."

"प्या वं पुरा," भामाबाई म्हणाली. "कालच्याला भोकाला तीन बादल्या पाजल्या, तुम्हाला पेलाभर जड हाय व्हय?"

काकांना काही कळलं नाय, पण ते पुरा पेला प्याले. मग खुर्ची सोडून पेट्यांपुढं गुडघ्यावर बसले. पुंडलिकनं खुंटी अर्ध्यावर नेली. काकांनी डाव्या पेटीला कान लावला. मग उजव्या. बराच वेळ. परसात कोंबडी फडफडली तरी पुंडलिक दचकला.

काकांनी खिशातून एक कॅसेट काढली आन पुंडलिकच्या हातात दिली. "शहाऐंशी सालची आहे. नवा डेक आणला त्या दिवशी दोन माइक लावून मित्राची पेटी रेकॉर्ड केली होती. लाव."

पुंडलिकनं ती आपल्या जुन्या डेकात घातली आन हार्मोनियम सुरू झाली. साधीच होती, मधी एक सूर चुकला बी. पण वाजवणारा समोर बसलाय, त्याचं बोट पट्टीवरून उचलतंय, भात्यातली हवा सुटतीय, सगळं दिसल्यागत. पेटी थांबली. खुर्ची करकरली. मग टेपवर नुसती त्या क्रांती चौकातल्या घराची दुपार.

आन मग, लांबून, डाव्या अंगानं, एक बाई म्हणाली, "अहो, ऐकताय ना? दूध उतू जातंय!"

पुंडलिकच्या घरात डाव्या अंगाला स्वयंपाकघर होतं. दारात उभी असलेली अमृता "अगं बया!" म्हणत आत धावली. गॅसच्या बटनाचा खट्खट् आवाज आला. मग तिचाच, "अवं, दूध कुठाय? गॅस तर बंदच हाय!"

"कोण बाई आली घरात?" भामाबाई ओट्यावरून उठली.

श्रीधरकाका हसायला लागले. खाली बसल्या बसल्या, मांडीवर थापा मारत, ठसका लागेस्तोवर हसले. अमृता ओशाळून दारात येऊन उभी राहिली.

"चिन्मयच्या नव्या स्पीकरांवर ही पेटी ऐकू येते," काका डोळे पुसत म्हणाले. "पेटी संपली की टेप संपते. ही पुढची बाई त्या खरखरीत कुठं हरवते. पुण्याचा व्यापारी आला तेव्हाही लावून बघितली होती. हिचा आवाज आला तर तो म्हणाला, टेप खराब आहे." त्यांनी फोन काढला. "चिन्मय, त्या टेम्पोवाल्याला सांग, येऊ नको म्हणावं. पेट्या गेल्या... नाही, शेंद्र्याला. हो, वाजतात. वाजतात म्हणजे काय! इथल्या सूनबाई गॅस बंद करायला धावल्या!"

पुंडलिकला उभं राहवेना, बसवेना. हात कुठं ठेवावा कळेना. शेवटी त्यानं पेटीवर ठेवला, आता तो ठेवायला कोणाला विचारायचं नव्हतं. "काका," तो म्हणाला, "ही कॅसेट तुमची. पण ऐकायला इथं या. कवा बी या."

"येईन. दर दिवाळीला पेट्यांची टोकं साफ करायला येत जाईन," काका म्हणाले, आन आता पुंडलिक हसला.

अमृताच्या मनातून मात्र काहीतरी गेलं नव्हतं. "एक विचारू का काका? त्या दिवशी तुम्ही उठला व्हता का, काकूंनी हाक मारल्यावर?"

काकांनी कॅसेटच्या डबीचं झाकण उघडलं, लावलं. "नाही. टेप चालू होती ना. हललो तर खुर्चीचा आवाज येईल म्हणून बसून राहिलो. दूध गेलं सगळं. पातेलं दोन दिवस घासत होती."

अमृतानं नवऱ्याकडं बघितलं.

पुंडलिकनं त्याची लाडकी तबकडी काकांच्या हातात दिली, "लावा काका, आज तुम्ही लावा," आन स्वतः स्वयंपाकघरात गेला. चपला दारात काढल्या. अनवाणी पायानं फ्रिजपुढं उभा राहिला आन दाराला हात घातला.

चावलं नाय.

त्यानं दुधाचं पातेलं काढलं, गॅस पेटवला, चहाचं आधण बाजूला ठेवलं. बाहेर सुई तबकडीवर टेकल्याचा 'टक्' आवाज आला. मग ती थाप. भिंतीतून, फरशीतून, तळपायातून वर चढत सरळ बरगडीला. पुंडलिकचे डोळे चमकले, मान डोलली, एक पाय आपोआप ठेका धरायला लागला. "पुंडलिकराव, या की!" काकांनी हाक मारली.

"आलो, आलो!" तो ओरडला, पण जागचा हलला नाय. दूध वर यायला लागलं होतं.